जिप्सीची शिंगं

गाडीला रोगाड बैल म्हणायची काय गरज होती? नीट सांगता येत न्हाई का माणसाला? पण केदारनाथअप्पानं सांगितलं ते तसंच, आन ते बी केजच्या चौकात, बिभीषणच्या हॉटेलासमोर, बाकडं माणसांनी गच्च भरलेलं असताना.

"शंकरप्पा, गाडी हिरवीगार रंगवली, झकास केलं," केदारनाथअप्पा म्हणला. "पण हे बंपर बघा, ह्या चाकावरच्या पट्ट्या बघा, ही म्होरची जाळी बघा. रोगाड बैल उभा केल्यासारखं दिसायलंय. असल्या गाडीत महाराजांला बसवायचं? कमिटीला लोकं काय म्हणतील?"

कमिटी म्हंजे मठाची कमिटी. तिच्यात अकरा माणसं हायेत म्हणतेत, पण बोलताना एकटा केदारनाथअप्पाच दिसतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महाराज केजहून नांदूरघाटला जातेत, आन त्यांना न्यायचा मान यंदा शंकरप्पानं मागितला होता. केदारनाथअप्पाची सोताची नवीकोरी पांढरी गाडी दारात उभी होती. तिच्या सीटावरचं पन्नीचं कव्हर अजून काढलं नव्हतं, तरी मान दुसऱ्याला जायलाय म्हणल्यावर त्याच्या पोटात कायतरी हललं असणार. किराण्याचं मोठं दुकान हाय त्याचं, हलायला जागा बी भरपूर.

शंकरप्पा कापडवाले. त्यांनी ही जिप्सी एका सरकारी हापिसाच्या लिलावात घेतली होती. हापिसाच्या दारात लिंबाचं झाड होतं, पण झाडाखाली साहेबाची गाडी आन उन्हात ही, असं वर्षानुवर्षं चाललं. बीडच्या उन्हानं तिचं काळं प्लास्टिक पार पांढुरकं करून टाकलं होतं. नवं मागवावं तर पार्टवाला म्हणला, पुण्याला आर्डर टाकतो, दिवाळीपर्यंत बघू. कोणती दिवाळी ते बोलला न्हाई.

ह्या सगळ्यात सोमेश्वरचं काय अडलं होतं? सगळंच अडलं होतं. शंकरप्पाचं हे थोरलं पोरगं, अठरा नुकतंच सरलेलं, धावीतून शाळा सोडलेलं. त्याला जीप लायनीला लावायची होती, केज ते नांदूरघाट, शिटं भरायची, हॉर्न मारायचा, वाऱ्यात जायचं. बापाला तो दुकानाच्या गादीवर पाहिजे होता. गादीवर बसलं की सोमेश्वरच्या पायाला मुंग्या येत, आन गिऱ्हाइकानं तिसरं लुगडं उलगडायला लावलं की डोक्याला.

चौकातून घरी आल्यावर शंकरप्पा टोपी खुंटीला अडकवत म्हणले, "सोमेश्वर, ऐक. सोमवारी नांदूरघाटच्या वेशीत, चार माणसांत, केदारनाथअप्पा सोताच्या तोंडानं म्हणला की गाडी चांगली हाय, तर गाडी तुझी. न्हाई म्हणला, तर पाटोद्याची पार्टी गाडी मागायलीच. मंगळवारी देऊन टाकतो. आन तू गादीवर बसून मीटर धर. जलमभर."

"केदारनाथअप्पा चांगली म्हणंल? त्यो सोताच्या बायकोच्या हातच्या भाजीला चांगली म्हणत न्हाई!"

"मंग मीटर धर."

"आन लायसन?" आतून माय म्हणली. मायचं नाव महादेवी, आन तिला नको तेव्हा खरं आठवतं. पोराकडं नुसतं शिकाऊ लायसन होतं.

"पक्कं पाहिजे," शंकरप्पा म्हणले. "त्याबिगर महाराज बसले तर लोकं मला खेटरं मारतील."

म्हंजे दोन कामं. गाडी काळी करणं आन लायसन पक्कं करणं. सोमेश्वरला वाटलं, पहिलं सोपं हाय.

बिभीषणनं सल्ला दिला तो चहा गाळता गाळता. "रॉकेल मार बे. माझ्या भावाच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड असं झालं की तोंड दिसायलंय त्यात." बिभीषणच्या भावाकडं ट्रॅक्टर नव्हता हे नंतर कळलं. सोमेश्वरनं फडकं रॉकेलात बुडवलं आन बंपरवर फिरवलं, तर काय! काळंकुट्ट! पोरगं नाचत घरात गेलं, "अप्पा, या, बघा!" अप्पा चष्मा शोधू लागले, मंग चपला शोधू लागले, बाहेर आले तवर रॉकेल उडून गेलं होतं आन बंपर पहिल्यापरीस जास्त पांढरं.

"काय बघू?"

"आत्ता होतं काळं! आईच्यान!"

पुन्यांदा फडकं मारलं, पुन्यांदा हाक मारली. तवर अप्पा आत जाऊन बसले होते. तिसऱ्या टायमाला ते म्हणले, "मला कवायत करायला लावायलास का?"

शेजारची छबुबाई भिंतीवरून हे सगळं बघायली होती. "रॉकेल का कुठं लावतेत? त्यानं कातडी कोरडी पडती. शेंगदाण्याचं तेल चोळ. माझे केस बघ." छबुबाईचे केस बघायची सोमेश्वरला हौस नव्हती, पण तेल चोळलं. रातभर काळं टिकलं बी. सकाळी उठून बघतो तर छबुबाईचीच शेळी जीभ लांब करकरून डाव्या बाजूची पट्टी चाटायली. निम्मी गाडी काळी, निम्मी पांढरी. सोमेश्वरनं शेळीला हाड म्हणायचं तर छबुबाईला कायतरी भलतंच म्हणला, आन शेळीनं दुपारी चारा सोडला.

"माझ्या शेळीला रॉकेल पाजलं गं बाई ह्या मुडद्यानं!" गल्ली गोळा झाली.

"मी पाजलं? तुमी म्हणलात तेल लाव!"

"तेल लाव म्हणले, शेळीला जेवायला घाल म्हणले का?"

शेळी संध्याकाळी कडबा खायला लागली. छबुबाई मात्र दोन दिवस बोलली न्हाई, हा ह्या सगळ्या कामातला एकच नफा.

मंग सटवा आला. सटवा नांदूरघाटचा, बैलांची शिंगं साळण्यात पंचक्रोशीत त्याच्यासारखा दुसरा न्हाई, असं तो सोताच सांगतो. पोळा तोंडावर आलता आन तो झुलीचं कापड घ्यायला दुकानात आलता. गाडीभोवती एक चक्कर मारली, बंपरवर टिचकी मारली, वास घेतला.

"हे शिंगच हाय," सटवा म्हणला.

"प्लास्टिक हाय ते."

"तुला शिंगातलं कळतं का मला? वरून पांढरं, फुगलेलं, आत काळं. काचेनं साळायचं. आतली शाई वर येती. नाकारतो का? नाकारत असशील तर मी चाललो, मला अजून गावातली सगळी शिंगं पडलेत."

सोमेश्वर नाकारत नव्हता. फुटक्या बाटलीच्या काचा आणल्या. दोघं जण दिवसभर खरवडत बसले, सर्र सर्र सर्र, पांढरा भुगा मांडीवर पडायला लागला आन खालून खरंच काळं निघालं! सोमेश्वरची बोटं चार जागी कापली पण त्याचं तिकडं ध्यान नव्हतं. गाडी काळी व्हायली होती, पक्की, उडून जाणारी न्हाई, चाटून जाणारी न्हाई. शेवटची पट्टी राहिली तेव्हा सटवा म्हणला, "तू जाऊन भाकर खा. मी आवरतो."

इथंच चुकलं. माणूस भुकेला असला की विश्वास ठेवतो.

भाकर खाऊन आला तर जिप्सी लाल! बंपर लाल, पट्ट्या लाल, हिंगूळ तेलात कालवून सटवानं हातभर ब्रशानं फासला होता. म्होरच्या दोन्ही कोपऱ्यांला सोनेरी बेगड चिकटवली होती आन आरशांना गोंडे बांधले होते.

सोमेश्वरचा आवाज चौकापर्यंत गेला. "हे काय केलंस?"

"साळलेलं शिंग उघडं ठेवतेत का?" सटवा बी चिडला. "असगून असतो! आजपर्यंत मी एक शिंग नागवं सोडलं न्हाई. बापजाद्यांनी सोडलं न्हाई. तुझ्यासाठी सोडू?"

"ही गाडी हाय! बैल न्हाई!"

"मंग साळायला कावून लावली?"

सटवा झुलीचं कापड घेऊन निघून गेला, जाताना कौतुकानं मागं वळून वळून बघत. सोमेश्वरनं रॉकेलानं हिंगूळ पुसायला घेतला, तर तो निघायचं सोडून काचेच्या चऱ्यांत जाऊन बसला आन सगळी गाडी विटकरीच्या रंगाची झाली. चौकातनं जाणारा जो तो विचारायला लागला, "सोमेश्वर, पोळ्याला गाडी मारुतीला फिरवणार का?" बिभीषण म्हणला, "पुरणपोळी कोणत्या भोकातनं चारायची बे हिला?" कप फुटला. कसा फुटला ते सांगण्यात अर्थ न्हाई.

आन दुसऱ्या दिवशी आरटीओचा कॅम्प. महिन्यातनं एकदा साहेब केजच्या रेस्टहाउसला येतेत. हा कॅम्प चुकला की सोमवार गेला.

"लाल गाडी घेऊन परीक्षेला जाणार?" माय म्हणली. ती चुलीपाशी तवा घासायली होती. तिनं बोट तव्याच्या बुडावरनं फिरवलं आन पोरापुढं धरलं. काळंशार. "ह्यो रंग कसाय?"

सोमेश्वर मायच्या पायाच पडला. मंग डबा घेऊन गल्लीत घरोघर फिरला, आन ज्या बायांना त्यानं जलमात कधी रामराम घातला नव्हता त्यांना काकू, मावशी, वहिनी म्हणत तव्यांच्या बुडाची काजळी खरवडून आणली. छबुबाईनं अबोला सोडून सोताचा तवा दिला, वर ऐकवलं बी, "ह्याला चाटू दे आता कुणाला चाटायचं ते." काजळी करडीच्या तेलात कालवली आन फासली. विटकर झाकली. नवी गाडी बी काय चमकंल, अशी जिप्सी चमकायला लागली.

एकच अडचण होती. ती काजळी वाळायलाच तयार न्हाई. बोट लावलं की बोट काळं.

रेस्टहाउसला आधी कारकुनानं अडवलं. "जन्मतारखेसाठी टीसी आणा."

सोमेश्वर शाळेत पळाला. हेडमास्तर म्हणले, "टीसी कशी देऊ? तू शाळा सोडल्याचा अर्जच दिला न्हाईस. कागदावर तू अजून धावीतच हायेस." म्हंजे इतके दिवस सोमेश्वर तुकडी 'ब' मधी बसून होता आन त्याला सोतालाच म्हाईत न्हाई. अर्ज लिहिला, त्यात हेडमास्तरांनी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या, टीसी घेऊन परत पळाला. तवर साहेब जेवून, हात धुऊन, बाहेर येऊन त्याच्याच जिप्सीजवळ उभे होते.

नुसते उभे असते तर ठीक. टेकले होते. चाकाच्या पट्टीवर पंजा ठेवून.

रांगेतली सगळी माणसं ते बघायली होती. साहेबांनी घाम पुसायला हात उचलला आन कपाळावरनं गालापर्यंत चार काळी बोटं ओढली. मंग मिशीवर ताव दिला, तर मिशी दुप्पट झाली. कारकुनानं खाली कागदात तोंड घातलं ते वर काढलंच न्हाई.

"चल, बस," साहेब शेजारच्या सीटावर बसत म्हणले.

सोमेश्वर स्टेअरिंगवर बसला. समोर आरसा! साहेबानं एकदा जरी मान तिरपी केली तर आपलंच तोंड दिसायचं, आन मंग लायसन कुठलं, सोमवार कुठला. त्यानं आरसा नीट करायचं निमित्त करून गपकन वर फिरवला, आभाळाकडं.

"आरसा वर कावून केलास?"

"हालतो, साहेब. तसाच हाय."

"मंग मागचं कसं दिसायचं तुला?"

"वळून बघतो की साहेब." आन खरंच बघायला लागला. गिअर टाकताना मागं वळून, वळणावर मागं वळून, समोर म्हस आली तरी आधी मागं बघून मंग ब्रेक दाबला. शेजारी काळं तोंड घेऊन साहेब गंभीर बसले होते. सोमेश्वरला हसू यायला लागलं आन ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

"रडतोस कशाला?"

"पहिलाच टाइम हाय, साहेब."

साहेबांनी सही केली. वर कारकुनाला म्हणले, "ही पोरं आरशावर भरोसा ठेवतेत आन मरतेत. मान वळवून बघणारा हा पहिलाच बघितला." साहेब गेले तसेच बीडला, त्याच तोंडानं. पण पुढच्या टायमाला आल्यावर काय होईल ह्याची फिकीर करायला आता सवड नव्हती. आन साहेबाच्या कपाळावर जे झालं, ते महाराजांच्या भगव्या कफनीवर झालं तर? हा इचार आला आन सोमेश्वरचं हसू जागच्या जागी सुकलं.

सोमवारी पहाटे त्यानं फडक्यानं टिपून बघितलं, चुलीची धग देऊन बघितलं, पंख्याखाली उभी करता येती का ते बी बघितलं. काजळी ओली ती ओलीच. पुसावी तर खालची विटकर दिसणार, ठेवावी तर लागणार. ठेवली.

मठासमोर महाराज बसले. आत जाताना सोमेश्वरनं दार असं सताड धरलं की कफनी कुठं टेकायला नको. केदारनाथअप्पा धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गाडीभोवती फिरला, डोळे बारीक केले, पण बोलला एवढंच, "चमकायली खरी. वेशीत बघू." आन सोताच्या पांढऱ्या गाडीत बसून मागं निघाला. शंकरप्पा म्होरं, सोमेश्वरच्या शेजारी. ऊन चढलं तसं तेल पातळ झालं आन पट्टीवरनं एक काळा ओघळ दाराकडं सरकायला लागला. सोमेश्वर एक डोळा रस्त्यावर आन एक त्या ओघळावर ठेवून चालवत होता. आरटीओच्या साहेबांनी बघितलं असतं तर लायसन परत घेतलं असतं.

नांदूरघाटच्या वेशीत माणूस मावत नव्हतं. हलग्या कडकडायल्या होत्या, बाया घागरी घेऊन पाय धुवायला उभ्या होत्या. आन गाडी थांबायच्या आत चहूकडून भस्म उधळलं गेलं. ह्या गावात महाराजांवर गुलाल न्हाई, भस्म उधळतेत, मुठी भरभरून. काचेबाहेरचं काही दिसंना. सोमेश्वर खोकत खोकत खाली उतरला आन दार उघडलं.

महाराज उतरले. वारं आलं, कफनीचा घोळ हलला आन थेट चाकाच्या पट्टीवरनं सर्रकन घासत गेला. सोमेश्वरनं डोळे मिटले. बापाचा हात त्याच्या दंडावर होता, तो बी आवळला.

डोळे उघडले तर भगव्यावर काळा टिपूस न्हाई. नुसतं भस्म. महाराज हात उचलून म्होरं गेले.

सोमेश्वरनं गाडीकडं बघितलं. सगळी काजळी, सगळं तेल भस्म पिऊन बसलं होतं. आन सगळं प्लास्टिक पांढरंफेक! लिलावात आणलं तेव्हा बी इतकं पांढरं नव्हतं.

"शंकरप्पा!" केदारनाथअप्पा आलाच. "काळी केलती म्हणलात. कुठं हाय काळी?" आन सगळ्यांदेखत तीन बोटं पट्टीवर टेकवली. बोटांना भस्म लागलं. आता ते धोतराला पुसावं तर पाप, झटकावं तर पाप. केदारनाथअप्पानं गपचिप ते कपाळाला लावलं. मागची माणसं बी मंग पट्टीला बोटं लावून कपाळाला लावायला लागली. पण केदारनाथअप्पा हटला न्हाई. "मला पांढरीच दिसायली. मी कसं चांगली म्हणू? खोटं बोलू का आजच्या दिवशी?"

सोमेश्वर फडकं घेऊन धावला. शंकरप्पानं हात धरला. "खबरदार! महाराजांवरचं भस्म पुसतोस?"

फडकं हातात तसंच राहिलं. समोर पाटोद्याची पार्टी दिसायली, गादी दिसायली, मीटर दिसायला. जवळच मंजुळाबाई नावाची म्हातारी भरली घागर कंबरेवर घेऊन उभी होती, तिला गर्दीत महाराजांच्या पायापर्यंत जाताच आलं नव्हतं. सोमेश्वरनं तिच्या कंबरेवरची घागरच उचलली.

"आजी, द्या इकडं. पुसत न्हाई, अप्पा. अभिषेक घालतो. अभिषेकाला तर कुणाची ना न्हाई ना?"

अभिषेकाला न्हाई कोण म्हणणार, आन ते बी कपाळाला भस्म लावून?

"ओत, लेकरा!" मंजुळाबाई म्हणली. आन आपल्या घागरीवर दुसऱ्याचा हात तिला बघवला न्हाई म्हणून सोताच म्होरं झाली. बाया मागनं आल्या. घागरीवर घागरी. आन राखेनं आन तेलानं माखलेलं काही दिसलं की बाईचा हात काय गप बसतो? "हर हर महादेव" म्हणत म्हणत मंजुळाबाईचा तळवा पट्टीवर तवा घासल्यासारखा गोल गोल फिरायला लागला. राखेसंगं काजळी सुटली, काजळीसंगं तेल, तेलासंगं हिंगूळ. खाली चाकापाशी काळं-लाल पाणी वाहिलं आन वर निघालं ते काचेनं साळलेलं प्लास्टिक. काळं. वल्लं म्हणून काळं न्हाई, वारं लागलं, ऊन लागलं, वाळलं, तरी काळं.

हलग्या थांबल्या होत्या. केदारनाथअप्पानं खाली वाकून बघितलं, हात फिरवला, हात बघितला. स्वच्छ.

त्यानं हात जोडले आन वरडला, "बघा! बघा महाराजांचा पायगुण! पांढरं पडलेलं प्लास्टिक भस्मानं काळंभोर झालं! शंकरप्पा, गाडी चांगली हाय! लई चांगली हाय!"

"हर हर महादेव!" वेस दणाणली. गर्दीतनं सटवा बी दोन्ही हात वर करून वरडायला होता.

शंकरप्पानं खिशातनं किल्ली काढली आन पोरापुढं धरली. धरली, पण सोडली न्हाई अजून.

सोमेश्वरच्या ओठापर्यंत सगळं आलं होतं. पायगुण? आन ह्या बोटांच्या चिंध्या कशानं झाल्या? दिवसभर काचेनं कोण खरवडत होतं, तुमी? घरोघर तवे मागत कोण हिंडलं? ती शेळी, तो साहेब, तो हिंगूळ... त्यानं तोंड उघडलं.

"काय बे?" केदारनाथअप्पानं विचारलं. "काय म्हणायलास?"

बापानं किल्ली तसूभर मागं घेतली.

"काय न्हाई, अप्पा," सोमेश्वर म्हणला. "पायगुणच."

किल्ली हातात पडली. कापलेल्या बोटांना तिचं लोखंड लई झोंबलं, पण त्यानं मूठ सैल केली न्हाई.